प्रेमिलाबाई आणि भैयाजीची पाटी

टाईपरायटर घ्यायला निघालेला माणूस आधी किंमत विचारतो. मग रिबिन कुठं मिळते आणि बिघडलं तर कोण नीट करतं, हे विचारतो. प्रेमिलाबाईंचं तसं नव्हतं. मशीन नवंकोरं असो की भंगारात पडलेलं, त्यांचा पहिला सवाल ठरलेला असायचा, "याच्यावर भैयाजीची पाटी बसते का?" दुकानदार बिचारा तोंडाकडे पाहत राहायचा. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानदारानं तर उलट विचारलं, "कोन भैयाजी?" त्यावर प्रेमिलाबाई अर्ध्या जिन्यातून परत वर चढल्या आणि कोण भैयाजी ते त्याला असं सुनावून आल्या, की पुन्हा त्या दुकानात जायची सोय राहिली नाही.

तेव्हा तुम्हालाही आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या महाल भागात भैयाजींचा मराठी टायपिंगचा क्लास होता. साठ-एकसष्टच्या सुमारास सुरू झालेला. मशीनवर कुठलं अक्षर कुठल्या बोटाखाली यावं, त्या मांडणीला क्लासमध्ये पाटी म्हणत. साऱ्या दुनियेत चाले ती सरकारी पाटी. भैयाजींना ती बिलकुल पसंत नव्हती. "येवढा अनुस्वार लागते आपल्याले, अन् तो ठेवला करंगळीखाली! ज्यानं ठेवला त्यानं जन्मात एक अर्ज तरी टाईप केला असन का?" असं ते हात नाचवून विचारायचे. नुसते विचारून थांबले नाहीत. वर्षभर कागदावर कागद खराब करून त्यांनी स्वतःची मांडणी तयार केली. श्रीधर नावाच्या मेकॅनिककडून जुन्या मशीनींची अक्षरं काढून, जागा बदलून, पुन्हा डाग देऊन झाळून घेतली. झाली भैयाजीची पाटी.

आणि खरं सांगतो, पाटी होती झकास. ज्याच्या हातात बसली तो उडायचा. त्या क्लासची पोरं-पोरी सरकारी पाटीवाल्यांकडे अशी पाहायची, जशी सायकलवाला पायी चालणाऱ्याकडे पाहतो. दसऱ्याला मशीनींना झेंडू वाहायचे, आपट्याचं सोनं ठेवायचं, आणि मग एकेकानं दहाही बोटं मशीनवर टेकवून म्हणायचं, "दुसऱ्या पाटीवर हात ठेवणार नाही." पोरं हसत हसत म्हणायची. प्रेमिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून म्हटलं.

त्या पारशिवनीकडच्या. माहेर आणि सासर दोन्ही शेतीवाडीचं. नवरा चंपतराव इतवारीत एका कापडाच्या दुकानात नोकरीला लागला, म्हणून नागपूरला आल्या. चार यत्ता शिकलेली बाई काय करणार, असं सारे म्हणत होते. भैयाजी म्हणाले नाहीत. त्यांनी तिची बोटं पाहिली आणि म्हणाले, "बस वं इथं. निंदण करणारा हात आहे. थकत नाही असा हात." आजवर कोणी तिच्या हाताविषयी चांगला शब्द काढला नव्हता. त्या एका वाक्यावर बाईनं त्या माणसाला देव्हाऱ्यात बसवलं.

पुढं धंतोलीत एका औषधांच्या दुकानाच्या ओसरीवर त्यांनी आपलं मशीन मांडलं. मशीन भैयाजींचंच होतं, भाड्यानं घेतलेलं. अख्ख्या विदर्भातून माणसं धंतोलीच्या दवाखान्यांत येणार, आणि आलेल्याला अर्ज हा लागणारच. कुणाला रजेचा, कुणाला दाखल्याचा, कुणाला साहेबाकडून मदत मागायचा. प्रेमिलाबाई समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता टाईप करायच्या. त्याचं रडगाणं संपेपर्यंत कागद मशीनबाहेर आलेला असायचा. लोक अर्ज घेऊनही उभेच राहायचे, हात पाहत. दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा "त्या बाईकडून करून आणा" म्हणून पाठवायचे.

म्हणूनच तर तिथं नवा दवाखाना उघडला तेव्हा त्यांना बोलावणं आलं. आत खुर्ची, डोक्यावर पंखा, महिन्याला बांधलेला पगार. अट एकच. मशीन दवाखान्याचं, पाटी सरकारी.

प्रेमिलाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. चंपतराव म्हणाले, "अवं, पाटीच आहे ना? कोणाची जात बदलवून नाही राहिले ते. शिकून घे." पण शपथ घेतलेली. तेवढ्यात भैयाजी स्वतः घरी आले. चटईवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "प्रेमिला, तुह्यासारखा हात माह्या क्लासात दुसरा तयार झाला नाही. दोन पाट्यांवर हात ठेवला की दोन्ही जातात, हे लिहून ठेव. पंख्याखालची खुर्ची पाहून तू पाटी सोडशीन, तर मग बाकीच्यांले मी काय सांगू?" बाई दुसऱ्या दिवशी जाऊन नोकरीला नाही म्हणून आल्या. त्या खुर्चीवर पुढं कुणी एक तरुण पोरगी लागली. रोज सकाळी ओसरीसमोरून छत्री घेऊन जायची. प्रेमिलाबाईंना तिचा हेवा वाटला नाही. उलट कीवच यायची, बिचारी सरकारी पाटीवर घासून राहिली म्हणून.

वर्ष गेलं आणि ओसरी गेली. औषधाचं दुकान पाडून तिथं मोठी इमारत होणार होती. आसपास बसायला वीतभर जागा मिळेना. एका दवाखान्यातले वॉर्डबॉय मारोतराव भले माणूस. ते म्हणाले, "बाई, जागेच्या मागं कायले लागता? खाटेपाशी येऊन अर्ज करून द्या ना. पेशंटले उठाचं काम नाही. डॉक्टरले मी विचारतो. पण तुमचं हे धूड आत नाही आणता येणार." धूड म्हणजे ते भाड्याचं मशीन. ते उचलायला दोन गडी लागायचे.

तेव्हा हातात धरून नेता येईल असं लहान मशीन हवं होतं. पेटीत बसणारं, मांडीवर ठेवून चालवता येणारं. आणि लवकर हवं होतं, कारण पारशिवनीहून मोठे दीर नानाजी यांचे निरोपावर निरोप येत होते. कापडाच्या दुकानातला पगार एकट्याचा, ओसरी गेलेली, तर नागपुरात बसून काय करता, गावाले या. चंपतरावांचंही मन तिकडं झुकत चाललं होतं. प्रेमिलाबाई मात्र ते नाव काढू द्यायच्या नाहीत. तिथं त्या नानाजींच्या घरची धाकटी सून होत्या. इथं त्या प्रेमिलाबाई टायपिस्ट होत्या. मशीन मिळालं तर नागपूर, नाही तर पारशिवनीची चूल, असा साधा हिशेब होता.

त्या दुकानं पालथी घालत सुटल्या. नवं पोर्टेबल तर हात लावू नये असं महाग. जुनं मिळायचं, पण सारी सरकारी पाटीची. क्लासमधल्या जुन्या मंडळींना विचारावं, तर एक तलाठी झालेला, एक कचेरीत चिकटलेली, आणि सगळ्यांनी केव्हाच सरकारी पाटी धरलेली. शोभाताई नावाची त्यांची एक मैत्रीण तर तोंडावर म्हणाली, "तू अजून तीच पाटी चालवून राहिली? मायबाई!" प्रेमिलाबाई मनात म्हणाल्या, विकली गेली मेली. भैयाजींकडे गेल्या, तर हल्ली महालातल्या क्लासला अर्धा वेळ कुलूपच. एकदा भेटले, तेही घाईत. "थांब जरा. मी पाहतो तुह्यासाठी," म्हणाले आणि सायकलवर टांग मारून गेले. बाई निर्धास्त घरी आली. भैयाजी पाहतो म्हणाले म्हणजे झालंच काम!

पंधरवडा गेला, भैयाजींचा पत्ता नाही. तेव्हा श्रीधर मेकॅनिक आठवला. तो आता शहरातल्याच जरीपटका वस्तीत गेला होता, बाजारातल्या एका माडीखाली लहानसं दुकान मांडून. रविवारी प्रेमिलाबाई एकट्याच निघाल्या.

श्रीधरनं ओळखलं. स्टूल पुसून दिलं. मागच्या फळीवरून एक निळसर पेटी काढून पुढ्यात ठेवली आणि झाकण उघडलं. आत मशीन असं, की प्रेमिलाबाईंचा जीवच त्यात अडकला. हलकं, नेटकं, आणि किंमत त्यांच्या आवाक्यातली. त्यांनी पेटी उचलून पाहिली, मांडीवर ठेवून पाहिली. मग नेहमीचा सवाल आला, "याच्यावर भैयाजीची पाटी बसते का?"

श्रीधरनं मान हलवली. "नाही बसत बाई. हे लहान मशीन, याच्या अक्षरांच्या काड्या पातळ. झाळाले गेलो तर वाकतात. मोठ्या मशीनवर तेव्हा जमलं, याच्यावर नाही जमत. सरकारी पाटी आहे, तशीच चालवा ना. आता कोण राहिलं ती दुसरी चालवणारं?"

"मी आहे ना," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "अन् भैयाजी आहेत."

श्रीधरनं हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "बाई, तुमाले खरंच माईत नाही? हे मशीन भैयाजीचंच आहे. याच्यावरच शिकले ते सरकारी पाटी. घरी बसून, दार लावून. दोन-तीन वर्षं झाली असन. आता वर क्लास टाकला, मोठ्या मशीनी घेतल्या, मग हे मले विकाले देलं."

"वर म्हणजे?"

श्रीधरनं बोट वर केलं. माडीवरून टकटक ऐकू येत होती. इतका वेळ येत होती, पण बाजाराच्या कल्ल्यात त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. दोन-तीन वर्षं, म्हणजे त्यांच्या घरी चटईवर बसून चहा प्याले त्याच्याही आधीपासून! श्रीधर खोटं बोलतो असं तोंडावर म्हणावं, असं प्रेमिलाबाईंना वाटलं. मग पेटी तशीच मांडीवरून उतरवून त्या माडी चढल्या.

वर मोठी खोली, भिंतीशी रांगेनं मशीनी, मशीनींवर पोरी. मधोमध भैयाजी, दुमडलेल्या बाह्या, तसाच हात नाचवत, "मान वर. बोटाले डोळे असतात, चेहऱ्याच्या डोळ्याचं इथं काम नाही." हे वाक्य प्रेमिलाबाईंना तोंडपाठ होतं. त्यांना वाटायचं, हे आपल्या पाटीचंच वाक्य आहे. आणि कोपऱ्यातल्या मशीनवर एका पोरीला समजावत उभी होती ती छत्रीवाली. नव्या दवाखान्यातली.

भैयाजींनी पाहिलं. क्षणभर हात हवेतच राहिला. मग तोंडभर हसले. "अरे प्रेमिला! ये ये. सुहासिनी, खुर्ची दे गं हिले. ही माही भाची सुहासिनी. धंतोलीतच आहे, त्या नव्या दवाखान्यात."

भाची! प्रेमिलाबाईंनी खुर्चीला हात लावला नाही.

"बसाले नाही आली मी. भैयाजी, इथं कोणती पाटी शिकवून राहिले तुमी?"

पोरींची टकटक थांबली. भैयाजी म्हणाले, "सरकारी. आता तीच चालते वं. पोट्ट्यांले नोकऱ्या लागाले पायजेत. जमाना बदलला, आपण काय करणार?"

"मले नव्हती का लागाले पायजे नोकरी? तुमच्या शब्दावर सोडली मी. माह्या घरी येऊन, माह्या हातचा चहा पिऊन तुमी सांगतलं, दोन पाट्यांवर हात ठेवला की दोन्ही जातात. तेव्हा तुमचा हात कुठं होता जी? अन् खुर्ची मी सोडली, तर तिथं आपली भाची बसवली?"

"तसं नाही, जागा खाली होती म्हणून…" भैयाजींनी पोरींकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "चाल, बाहेर बोलू."

"इथंच बोला."

मग तो माणूस बोलला, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. हळू आवाजात. "तुह्या हाताची गोष्ट वेगळी होती प्रेमिला. बाकीचे एकेक करून सोडून गेले. तू बी सोडली असती, तर माही पाटी खलासच झाली असती. मी धंतोलीतून जायचो ना, तर मुद्दाम तुह्या ओसरीसमोरून जायचो. लोक उभे राहून पाहायचे तुह्याकडे. मले वाटायचं, एक तरी हात राहू दे आपला."

"मग तुमी कायले सोडली?"

"मले घर चालवाचं होतं."

"अन् मले काय चालवाचं होतं?"

भैयाजी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "तू रोज इथं ये. मी तुले सरकारी पाटी शिकवतो. एक पैसा घेणार नाही." मेहरबानी करून राहिले होते! सुहासिनी खुर्ची धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. तिला यातलं काही ठाऊक नसावं. प्रेमिलाबाई तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुह्यावर राग नाही वं माहा." आणि खाली उतरल्या.

श्रीधर काही विचारणार, तेवढ्यात त्यांनी पेटीवर हात ठेवला. "हे द्या बांधून."

"बाई, पाटी सरकारी…"

"माईत आहे मले. द्या."

घरी पेटी पाहून चंपतराव खुशीत आले. "अरे वा, आलं बाप्पा तुहं बाळ! बसली का त्याच्यावर भैयाजीची पाटी?" प्रेमिलाबाईंनी मशीन चटईवर ठेवलं, कागद चढवला आणि सवयीनं मान वर करून स्वतःचं नाव टाईप केलं. कागदावर जे उमटलं त्याला काही नावच नव्हतं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. बोटं आपापल्या जागी बरोबर जात होती, जागाच दुसऱ्याच्या होत्या. तेव्हा मात्र बाईचा बांध फुटला. रडता रडता त्यांनी सारं सांगितलं.

चंपतराव मवाळ माणूस. कापडाच्या गिऱ्हाइकाशी सुद्धा कधी आवाज चढवला नसेल. ते ताडकन उठून उभे राहिले. "केसानं गळा कापला बुढ्यानं! मी जातो आत्ताच्या आत्ता. भर बाजारात इज्जत काढतो त्याची."

"बसा जी खाली. इज्जत काढून माहा हात परत येणार आहे का?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मले राग त्या खुर्चीचा नाही. खुर्ची गेली तं गेली. मी त्यांले देव समजत होती, अन् त्यांनी मले बुजगावण्यासारखं उभं करून ठेवलं. स्वतः पळून गेले अन् मले उभं ठेवलं."

चंपतराव खाली बसले. मग त्यांनी चाचरत विचारलं, "मग नानाजीले कळवू का, येतो म्हणून?"

"नाही," प्रेमिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवा कागद चढवला.

त्या दिवसापासून घरात टकटक सुरू झाली. पण काय ती टकटक! जुनं विसरून नवं शिकणं हे कोऱ्या डोक्यानं शिकण्यापेक्षा वाईट. बोटं ऐकायचीच नाहीत. प्रेमिलाबाई त्यांच्यावर खेकसायच्या, एकदा तर बोटांवर चापटी मारली त्यांनी. मधूनच एखादी ओळ जुन्या पाटीच्या हिशेबानं सुटून जायची. मग त्या मशीन बंद करून भिंतीकडे तोंड करून बसायच्या. जेवण चंपतराव रांधायचे. भाड्याचं ते मोठं मशीन भैयाजींनी माणूस पाठवून परत नेलं. स्वतः आले नाहीत. पुढं रस्त्यात एकदा दिसले, तर प्रेमिलाबाई पलीकडच्या बाजूनं गेल्या.

तयारी अर्धीच झाली होती, पण मारोतराव किती दिवस जागा धरून ठेवणार? दुसरा कोणी टायपिस्ट विचारून गेला, म्हणाले. म्हणून एका सकाळी प्रेमिलाबाई पेटी घेऊन वॉर्डात गेल्या.

पहिलं गिऱ्हाईक होतं खाटेवरचे गणपतराव. रामटेकच्या बाजूचे, शाळेत शिपाई. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला. त्यांना रजा वाढवायचा अर्ज हवा होता. उशाशी त्यांची बायको जिजाबाई बसलेली. प्रेमिलाबाईंनी मांडीवर मशीन घेतलं. मान वर करायची हिंमत झाली नाही. त्या खाली पाहत, एकेक अक्षर हुडकत, दोन बोटांनी टाईप करू लागल्या. गणपतरावांचं सांगून झालं, पहिली ओळ पूर्ण व्हायची होती. एक अक्षर चुकलं, रबरानं खोडलं. पुन्हा तेच चुकलं. अख्ख्या धंतोलीनं उभं राहून पाहिलेले ते हात कागदावर घाम सोडत होते.

जिजाबाई मायाळू बाई होती. तिनं पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "घाई नको करू बाई. नवीनच शिकून राहिली वाटते तू?"

प्रेमिलाबाईंनी पेला घेतला. घोटभर पाणी प्यायल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "नवीनच."

आणि त्या पुढचं अक्षर शोधू लागल्या.